दमसास

पावलं मोजायचीच नाहीत, असं केतकी भोईटेनं बाणेरच्या ऑफिसात सांगितलं तेव्हा समोर बसलेल्यांना ती थट्टा करतेय असं वाटलं. चालण्याच्या खेळात पावलं मोजायची नाहीत, मग मोजायचं तरी काय?

"पावलं खोटं बोलतात," केतकी म्हणाली. "छाती बोलत नाही."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. चाला आणि नाणी मिळवा, असं सांगणारे खेळ त्याआधी कितीतरी आले आणि बुडाले. लोकांनी मोबाइल छताच्या पंख्याला बांधले, कुत्र्याच्या गळ्यात अडकवले, बाळाच्या पाळण्याला लटकवले. माणसं घरात लोळत होती आणि त्यांचे मोबाइल डोंगर चढत होते. फुकटची नाणी बाजारात आली की त्यांना कोण विचारणार? भाव कोसळायचा, मग मालक मंडळी गुपचूप बक्षीस कमी करायची, मग खरोखर चालणारेही वैतागून निघून जायचे. नचिकेत वाघनं दुसऱ्यांच्या कंपन्यांत नोकरी करताना हे पाहिलं होतं. स्वतःची कंपनी काढल्यावर त्यानं प्रोग्रॅमर नंतर नेमले, आधी केतकीला बोलावलं. ती अर्थशास्त्र शिकलेली. कुणाला, कशाबद्दल, किती बक्षीस द्यावं म्हणजे माणूस उद्याही खेळायला येईल आणि नाण्याचा भावही टिकेल, हे ठरवणं तिचं काम.

तिच्या मनात एका चकतीची कल्पना होती. रुपयाएवढी, चिकटपट्टीसारखी, गळ्याच्या हाडाखाली लावायची. इस्पितळात रुग्णाच्या छातीवर ज्या तारा लावतात त्यांचं काम एव्हाना असल्या चकत्या करू लागल्या होत्या. हृदयाचे ठोके, दोन ठोक्यांमधलं कमीजास्त होणारं अंतर, श्वासाची खोली आणि घामात उतरणारं लॅक्टेट. स्नायूंना प्राणवायू पुरेनासा झाला की शरीरात लॅक्टेट वाढतं. चढावर मांड्या भरून येतात तेव्हा ते वाढलेलंच असतं. पंख्याला घाम येत नाही आणि कुत्र्याची छाती माणसासारखी वाजत नाही, त्यामुळे फसवाफसवीचा प्रश्न तिथेच मिटत होता. पण केतकीची खरी करामत त्यापुढची होती. चकती पहिले काही आठवडे नुसतं ऐकायची. या शरीराची एकूण ताकद किती, ते शिकून घ्यायची, आणि पुढेही अधूनमधून तपासत राहायची. मग रोजच्या श्रमांना त्या ताकदीनं भागायचं. भागाकार येईल तेवढं बक्षीस. कोवळ्या पोरानं घाट पळत चढणं आणि गुडघे गेलेल्या बाईनं जिना चढणं, दोघांनाही सारखीच धाप लागली असेल तर मोल सारखंच.

ही कल्पना तिला कॉलेजात सापडली नव्हती. तिचे वडील अण्णा, म्हणजे हणमंतराव भोईटे, साताऱ्यातल्या एका शाळेत पी.टी.चे सर होते. शर्यत लावताना ते सगळ्या पोरांना एका रेघेवर उभं करत नसत. जाडं, किडकिडीत, पाय ओढत चालणारं पोर बरंच पुढे. जिल्ह्याला नंबर काढणारं पार मागे. शिट्टी वाजली की सगळीच जिवाच्या आकांतानं पळायची, कारण प्रत्येकाला वाटायचं, आज आपला नंबर लागू शकतो. लहानपणी केतकी मैदानाच्या कडेला बसून ते पाहायची. सगळी पोरं शेवटच्या दोरीपाशी जवळजवळ एकदमच पोहोचायची, आणि अण्णा कमरेवर हात ठेवून हसायचे.

"हा नियम उद्या आपल्यालाच बदलावासा वाटला तर?" नचिकेतनं विचारलं.

"तर बदलता येऊ नये," केतकी म्हणाली. "आधीचे खेळ त्यानंच मेले. मालकांवरचा विश्वास उडाला."

म्हणून त्यांनी नियम ब्लॉकचेनवर चढवला. गावाचं दप्तर एकट्या कारकुनाकडे असलं तर तो रात्रीत पान बदलू शकतो. त्याच दप्तराची नक्कल हजार घरांत असली आणि प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाचा शिक्का असला, तर एकानं केलेली खाडाखोड उरलेले सगळे उघडी पाडतात. ब्लॉकचेन म्हणजे असं हजार घरांतलं दप्तर. त्यात नाण्यांच्या नोंदी होत्या आणि केतकीचा भागाकारही होता. तो बदलायचा तर खेळणाऱ्यांनी मत द्यायचं. ज्याच्याकडे जितकी नाणी, तितकं त्याचं मत वजनदार. निम्म्याहून जास्त वजन एका बाजूला पडलं तरच नियम हलणार. मालकालाही वेगळा अधिकार नाही.

खेळाचं नाव ठेवलं दमसास. नाण्याचं नाव दम.

विमा कंपन्यांना चालती-फिरती माणसं हवीच होती. त्यांनी पैसे घातले. मग बूटवाले आले, डेअऱ्या आल्या, औषधांची दुकानं आली. वर्ष उलटलं नाही तोच दुधाची पिशवी दमावर मिळायला लागली.

साताऱ्यात पहिली चकती केतकीनं अण्णांना लावली, स्वतःच्या हातानं.

त्याची गरजही होती. निवृत्त झाले त्याच वर्षी अण्णांना हृदयविकाराचा झटका आला होता. जीव वाचला, पण हृदयाचा एक तुकडा कायमचा निकामी झाला. तेव्हापासून ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून असायचे. मुलगा संग्राम त्यांना बादली उचलू द्यायचा नाही, सून अर्चना वेळेवर गोळ्या हातावर ठेवायची. ज्यांच्या शिट्टीनं अख्खं मैदान जागच्या जागी थांबायचं ते भोईटे सर, सुनेनं टीव्हीचा आवाज कमी केला तरी काही बोलायचे नाहीत. केतकी पुण्याहून फोन करायची तेव्हा "बरंय" या पलीकडे त्यांच्याकडे सांगायला काही नसायचं.

चकती लावल्यावर अण्णा आधी गल्लीच्या टोकापर्यंत गेले. मग पोवई नाक्यापर्यंत. मग अजिंक्यताऱ्याचा रस्ता धरला. फोनवर बोलणं लांबत चाललं. "आज शिर्के बाईंनी चांगला चढ काढला," ते सांगायचे. शिर्के काकू म्हणजे मागच्या गल्लीतल्या, दम्याच्या जुन्या दुखणाईत. नवरा गेल्यापासून घराबाहेर न पडलेल्या. त्या आल्या, त्यांच्यामागून आणखी म्हातारी माणसं आली, आणि भोईटे सरांचा पुन्हा एक वर्ग भरायला लागला. रोज सकाळी किल्ल्याच्या रस्त्यावर पांढऱ्या केसांची रांग दिसू लागली. केतकी ऑफिसात लोकांना त्यांचा फोटो दाखवायची. आपण आयुष्यात एक तरी सरळ काम केलं, असं तिला वाटायचं.

थंडीत ती आठवडाभर घरी आली. पहिल्याच सकाळी अण्णांबरोबर निघाली. चढ सुरू झाला तशी रांग सुटी सुटी झाली. शिर्के काकू मागून शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेत येत होत्या. अण्णांचे ओठ निळसर दिसत होते.

"अण्णा, बसू या का जरा?"

"बसायचं कशाला?" अण्णा थांबून थांबून म्हणाले. "दम लागला की दम मिळतो."

पुढचे-मागचे सगळे हसले. हा तिथला रोजचा विनोद असावा. केतकीही हसली.

वळणावरच्या कठड्यापाशी अण्णांच्या बुटात खडा गेला. त्यांनी बूट काढला, मोजा खाली सरकवला, आणि केतकीचं हसू गेलं. मोज्याच्या इलॅस्टिकनं पायात खोल खाच पडली होती. पाय कणकेसारखा फुगलेला. झटक्यानंतरच्या दिवसांत तिनं तो पाय तसा पाहिला होता. हृदय नीट उपसत नाही तेव्हा पाणी पायांत साठतं, असं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं.

अण्णांनी मोजा घाईनं वर ओढला.

घरी आल्यावर ती थेट स्वयंपाकघरात गेली. अर्चना भाकरी थापत होती.

"वहिनी, अण्णांच्या गोळ्या कोण देतं?"

"मीच द्यायचे." अर्चनानं भाकरी तव्यावर टाकली. "आता त्यांचं ते बघतात."

"घेतात का?"

अर्चनानं भाकरीवर पाणी फिरवलं, उलटली, तवा उतरवून ती थेट जाळावर धरली. भाकरी फुगली, ती तिनं टोपल्यात टाकली.

"वहिनी?"

"गोळी घेतली की ठोके चढत नाहीत म्हणे. ठोके चढले नाहीत की तुमची चकती काही देत नाही." ती वळली. "मला कशाला विचारता, ताई? तुम्हीच केलीय ना ती?"

"आणि तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत?"

"ह्यांचं दुकान बंद पडलं तेव्हापासून या घरात दूध कुणाच्या दमावर येतंय, आमच्या सिद्धीच्या शाळेची फी कुणी भरली, ते मला ठाऊक आहे. कुठल्या तोंडानं सांगू, अण्णा, गोळी घ्या म्हणून?"

केतकी ओट्याला टेकून उभी राहिली. तिला आता स्वतःचा भागाकार दिसत होता. वर श्रम, खाली ताकद. गोळी हृदयाला सबुरीनं चालवते, म्हणून चकतीला वाटतं हा माणूस काही करतच नाही. गोळी सोडली की तोच चढ, तेच अंतर, पण छाती बेभान धावते. वरचा आकडा मोठा. आणि ताणून ताणून हृदय खचत जातं तशी ताकद घटते. खालचा आकडा लहान. अपूर्णांकात छेद लहान झाला की उत्तर वाढतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. अण्णा जितके आजारी पडतील तितके दम जास्त मिळणार होते. निरोगी होत जाणाऱ्याला तिचा खेळ रोज थोडं थोडं कमी देत होता.

दुपारी अण्णा गच्चीवर ऊन खात बसले होते. ती त्यांच्या शेजारी बसली.

"कळलं वाटतं," अण्णाच म्हणाले.

"अण्णा, हा वेडेपणा आहे."

"असेल."

"तुम्हाला कळतंय ना त्यानं काय होईल?"

"मी पी.टी.चा मास्तर होतो, केतके. छाती म्हणजे काय ते मला तू नको शिकवू." ते शांतपणे बोलत होते. "गोळी घेतली की छाती गप्प बसते. मी पण गप्प बसतो. गप्प बसलेल्याला घरात कोण विचारतं? आता संग्राम विचारतो, अण्णा, गॅस बदलू का. अर्चना विचारते, भाजी काय करू. पूर्वी सांगायचे मला, काय केलंय ते."

"मी पैसे पाठवते ना. हवे तेवढे पाठवते."

"तू पाठवलेले तुझे. हे माझे."

केतकीनं उरलेली सुट्टी सोडली. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला परतली.

नचिकेतनं सगळं ऐकून घेतलं. त्याला धक्का बसला नाही, याचाच तिला धक्का बसला.

"हे तुझ्या अण्णांपुरतं नाहीये," तो म्हणाला. "ऊसतोडीच्या पट्ट्यात मुकादम फिरतात. अशक्त माणसं शोधतात. अंगात रक्त नसलेल्या बायका, टीबीतून उठलेले लोक. चकती त्यांच्या छातीवर लावतात, त्यांना टेकडीवर चढवतात. दम मुकादमाच्या खात्यात जातात, त्यांना रोजाचं काहीतरी मिळतं. आणि तुझे चांगले पळणारे पोरगे आहेत ना, ते महिना महिना नुसते लोळतात. अंगातली ताकद घटू देतात. मग एकदम पळतात."

"तुला माहीत होतं?"

"खेळणारे वाढत होते. का वाढतायत, ते मी विचारलं नाही."

"आजच्या आज बंद कर."

"कसं?" नचिकेतनं हात पसरले. "कुलूप तूच लावलंस आणि किल्ली विहिरीत टाकलीस. मत घ्यावं लागेल."

तिनं ठराव मांडला. ताकद घटत चाललेल्या शरीराला, ती सावरेपर्यंत एकही दम मिळू नये. एवढंच. महिनाभर ती सगळीकडे बोलत फिरली. डॉक्टर तिच्या बाजूनं बोलले, विमा कंपन्याही. मुकादम मंडळी विरोधात होती, पण त्यांच्याकडे एकूण दमांचा निम्मा हिस्सा नव्हता. पारडं हलवणार होती ती गावागावांतली, रोज चालणाऱ्या माणसांची मंडळं. खेळात अशी सोय होती की ज्याला ठरावांच्या भानगडी कळत नाहीत त्यानं आपलं मत विश्वासाच्या माणसाच्या हवाली करावं. सातारच्या मंडळानं ते केव्हाच भोईटे सरांच्या हवाली केलं होतं. मंडळ मोठं होतं, त्यात आसपासच्या गावांचीही माणसं होती, आणि आजारी शरीरांमुळे त्यांच्याकडे दम भरपूर होते.

ती पुन्हा साताऱ्याला गेली. अण्णांनी तिला पूर्ण बोलू दिलं. वर्गात एखाद्या पोराची सबब ऐकावी तसं, मान थोडी तिरकी करून.

"म्हणजे आम्हाला दम मिळणार, पण ताकद परत आल्यावर," ते म्हणाले.

"हो."

"माझी ताकद परत येणारे?"

केतकी खोटं बोलू शकली असती. "नाही," ती म्हणाली.

"शिर्के बाईंची?"

"त्यांचीही कठीण आहे."

"मग असं सरळ सांग की, की म्हाताऱ्यांनो, घरी बसा."

"अण्णा, त्या चढावर तुमच्यातलं कुणीतरी पडेल. तुम्ही पडाल."

"पडेन. खुर्चीत बसून पण मरणारच होतो. तेव्हा तू कुठला ठराव आणला नाहीस." हे त्यांनी रागानं म्हटलं नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. मग ते म्हणाले, "मी शर्यतीत दुबळ्या पोराला पुढं उभं करायचो. पण एकदा शिट्टी वाजल्यावर त्याला कधी म्हटलं नाही, की तू आता मागं ये. मी आहे तोवर हे नको करूस, केतके. नंतर काय ते तुझं तू बघ."

ठराव थोडक्यात पडला. सातारच्या मंडळाचं मत विरोधात गेलं होतं. ते बाजूनं पडलं असतं तर ठराव मंजूर झाला असता.

नचिकेत तिला धीर द्यायला आला. तिनं त्याच्यासमोर राजीनामा ठेवला आणि बॅग भरून साताऱ्याला गेली. अण्णा तिला पाहून खूश झाले. गोळीचं नाव काढू द्यायचे नाहीत. "चालायचं तर चल," एवढंच म्हणायचे. मग ती रोज सकाळी त्यांच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून चालू लागली, पाण्याची बाटली आणि जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन. ते दिवस वाईट नव्हते. कुठल्या दगडावर बसून आपण लग्नाआधी आईला पहिल्यांदा पाहिलं ते अण्णा सांगायचे, शाळेतल्या पोरांची नावं आडनावासकट घ्यायचे. पुण्यात राहून जे वडील तिला भेटले नव्हते ते इथे, धापा टाकत, भेटत होते.

त्या सकाळी धुकं होतं. मधल्या वळणावर अण्णा थांबले, कठड्याला हात लावला, आणि काही न बोलता खाली बसले. मग आडवे झाले. केतकीनं गोळी जिभेखाली सरकवली. शिर्के काकूंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावत होतं.

अण्णांच्या खिशात मोबाइल वाजू लागला. दम जमा झाले की तो नाणी ओतल्यासारखा आवाज करायचा. एकदा वाजला, थांबला, पुन्हा वाजला, मग थांबेचना. केतकीला कळायला क्षणभर लागला. छातीचे श्रम टोकाला गेले होते आणि ताकद शून्याकडे सरकत होती. अण्णांनी आयुष्यात कधी कमावले नसतील इतके दम त्या वळणावर जमा होत होते. तिनं त्यांच्या सदऱ्याची गुंडी तोडून चकती ओरबाडून काढली. तिच्याबरोबर थोडी कातडी आली. मोबाइल गप्प झाला.

अ‍ॅम्ब्युलन्स किल्ल्याच्या रस्त्याला लागायच्या आतच अण्णा गेले.

दहावा झाला त्या दिवशी संग्रामनं तिला बाजूला घेतलं. दमसासमध्ये प्रत्येकाला वारस नेमावा लागे. अण्णांनी केतकीचं नाव लावलं होतं.

"खायला आम्ही घालायचो," संग्राम म्हणाला, "आणि नाव तुझं."

"तू घे सगळे," ती म्हणाली. "फक्त थोडे दिवस थांब."

तिनं त्याला पुढचं सांगितलं नाही. वारसाला नुसतीच नाणी मिळत नव्हती. मंडळानं हवाली केलेली मतंही, ज्यानं त्यानं काढून घेईपर्यंत, वारसाकडे येत होती. माणूस मेला की गोंधळ उडू नये म्हणून तो नियमही तिनंच लिहिला होता. शिर्के काकूंना हे माहीत नव्हतं. मंडळातल्या कुणालाच नव्हतं. सर गेले म्हणून त्यांनी चालणं बंद ठेवलं होतं. मोबाइल उघडून मतं कुणाकडे आहेत ते बघण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. आणखी आठ-पंधरा दिवसांनी त्यांनी दुसरा माणूस निवडला असता.

नंतर काय ते तुझं तू बघ, असं अण्णा म्हणाले होते. त्यांना वारसाचा नियम ठाऊक होता की नाही, हे केतकीला कधीच कळलं नाही. तिनं तो त्यांचा होकार मानला. मागच्या गल्लीत जाऊन काकूंना विचारावं, असं तिच्या मनात आलं होतं. त्या नाही म्हणतील हेही तिला माहीत होतं, म्हणून ती गेली नाही. तेराव्याच्या आत तिनं तोच ठराव पुन्हा मांडला आणि अण्णांचं, काकूंचं, सगळ्या मंडळाचं मत बाजूनं टाकलं. या खेपेला ठराव मंजूर झाला.

ती पुण्याला परतली, दुसरीकडे नोकरी धरली. कबूल केल्याप्रमाणे दम संग्रामच्या नावावर केले, पण तोवर खेळणारे आटले होते आणि दमांना भाव राहिला नव्हता. मुकादम पांगले. लोळून पळणारे पोरगेही गेले. उन्हाळ्यापर्यंत नचिकेतनं कंपनी विकली. एका डॉक्टरांनी तिला मुद्दाम फोन करून सांगितलं, की त्यांच्याकडे पाय सुजून येणारी म्हातारी माणसं जवळजवळ बंद झालीत, सगळी वेळेवर गोळ्या घेतात, तुम्ही फार मोठं काम केलंत. केतकीनं त्यांचे आभार मानले.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला ती साताऱ्याला आली. संग्राम कामापुरतं बोलला. अर्चना नेहमीसारखी वागली, फक्त ताई म्हणायची थांबली होती. संध्याकाळी केतकी पाय मोकळे करायला बाहेर पडली. किल्ल्याच्या रस्त्यावर शाळेची चारदोन पोरं होती, बाकी कुणी नाही. येताना ती मागच्या गल्लीतून आली.

शिर्के काकू त्यांच्या दाराबाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. अंगानं सुटल्या होत्या. पाय मात्र बारीक, सुजेचा मागमूस नव्हता.

"बरं आहे का, काकू?"

"बरंय," काकू म्हणाल्या.

"चालायला जात नाही आता?"

"कशाला जायचं?" काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. "सून म्हणती, पडला-झडला तर आम्हाला निस्तरावं लागंल. बरोबर आहे तिचं."

केतकी पायरीशी आली. "काकू, मी ते अण्णांसारखं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून केलं."

"ठाऊक आहे की. डॉक्टर पण तेच म्हणत होता." काकू समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात माझं काहीतरी आलं होतं, केतकी. कुणी दिलेलं नव्हतं, छातीतनं काढलेलं होतं. सरांनी मला विचारलं होतं, बाई, देता का तुमचं मत माझ्याकडं. मी म्हटलं, घ्या. तू विचारलं पण नाहीस. सर गेले ते चालत गेले. आम्हाला तू बसवलंस."

आतून सुनेची हाक आली. "आई, गोळी घेतलीत का?"

"घेतली," काकू म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत उठल्या. आत जायला तीन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर त्या थांबल्या, चौकट धरून श्वास घेत राहिल्या. बराच वेळ. केतकी खाली उभी राहून ते ऐकत होती. ती धाप आता कुणीच मोजत नव्हतं.